मागून बसलेला ट्रक

लव्हॉन ह्राबिकनं पाव शतक शाळेची बस चालवली, आणि एकदाही बसभोवती फेरी मारल्याशिवाय किल्ली फिरवली नाही. नेब्रास्काच्या आमच्या कोपऱ्यात जानेवारीत तोंडातून निघालेली वाफ भुवयांवर गोठते. तरी ही बाई टॉर्च घेऊन चाकांना लाथा मारत, वाकून खाली बघत, दिवे तपासत हिंडायची. बाकीचे ड्रायव्हर गरम खोलीत कॉफी ढोसत तिची टिंगल करायचे. "काय गं लव्हॉन, कालच तर उभी केलीस, रात्रीतून पिल्लं घातली का काय तिनं?" लव्हॉन पुढच्या चाकाकडं वळायची. गाडीवर विश्वास ठेवायचा तो बघून, असं तिचं साधं म्हणणं होतं. माणसांना हा नियम लावावा असं तिला कधी वाटलं नाही.

ही सवय आईच्या एका वाक्यातून आली होती. लव्हॉन चौदा वर्षांची असताना तिचे वडील फ्रँक कुबिचेक आपल्या छोट्या पिकअपला गुरांचा ट्रेलर जोडून बाजाराला निघाले. आत नेहमीपेक्षा जास्त गुरं कोंबलेली, त्या भारानं ट्रकचं मागचं टोक खाली दबलेलं. आई स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "फ्रँक, मागून बसलाय बघ तो!" वडील हसले. "बसला तर बसू दे, दमला असेल बिचारा," म्हणाले आणि गेले. नदीकडच्या उतारावर ट्रेलरनंच ट्रकला पुढं ढकलायला सुरुवात केली. एकदा मागचं ओझं पुढच्याला हाकायला लागलं की ब्रेक नुसता नावाला उरतो. वडील परत आले ते शवपेटीतूनच. आई पुढं वीस वर्षं जगली आणि मधूनच, भांडी घासतानासुद्धा, म्हणायची, "मला दिसलं होतं गं."

ही गोष्ट लव्हॉननं लग्नाआधी फक्त एमिलला सांगितली होती, नाचाच्या हॉलबाहेर, पायरीवर बसून. एमिल ह्राबिक तेव्हा धान्याच्या कोठारावर वजनकाट्यावर नुकताच लागला होता. त्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, "माझी गाडी कधी मागून बसणार नाही. शब्द देतो." काट्यावरच्या माणसाचा शब्द तो. मका असो की ज्वारी, उभ्या आयुष्यात एमिलनं ना कोठाराला फसवलं ना शेतकऱ्याला. आमच्याकडं दोन शेतकऱ्यांचा वजनावरून वाद झाला की म्हणायचे, "चल एमिलकडं." अशा माणसाला आपण घरात कशाला तोलून बघू?

दोघं निवृत्त झाली तेव्हा घर विकून ट्रेलरमध्ये राहायचं ठरलं. शरदात उत्तरेला साखर-बीटच्या हंगामाला कामाला जायचं, थंडीत ॲरिझोनाच्या वाळवंटात पाय पसरून बसायचं. आमच्याकडचे निम्मे म्हातारे हेच करतात. वेंडेल पॉस्पिसिल आणि त्याची बायको डोरीन आधीपासून जात होती. वेंडेल म्हणजे एमिलचा बालमित्र, गावातला जुना मेकॅनिक. डोरीन आणि लव्हॉन चर्चच्या स्वयंपाकघरात एकाच परातीत कणीक मळून मोठ्या झालेल्या. चौघांनी मिळून फिरायचं ठरलं. लव्हॉननं एकच अट घातली. "ट्रक ट्रेलरपेक्षा जड हाडाचा पाहिजे. बाकी तू म्हणशील ते."

ट्रक एमिलनं आधीच घेऊन ठेवला होता. गर्द हिरवा, मागं एकेरी चाकांचा, कोरा करकरीत. पोटच्या पोराला आंघोळ घालावी तसा तो त्याला रविवारी धुवायचा. मग दोघं ट्रेलर बघायला गेली, आणि घोळ तिथं झाला. एका लांबलचक ट्रेलरमध्ये लव्हॉन चढली तर ओट्याच्या वर भली रुंद खिडकी, आणि खरीखुरी भट्टी, जिच्यात खसखस भरलेले गोड पाव, आमचे कोलाचे, भाजता येतील. ती त्या खिडकीपाशी उभी राहिली ती हलेचना. एमिलनं तिचा चेहरा बघितला आणि तोच ट्रेलर घेतला.

आता हे ट्रेलर साध्या जातीचे नसतात. यांचं पुढचं नाक ट्रकच्या हौद्यात चढून बसतं, बैलाच्या मानेवर जू बसावं तसं. ट्रक ओढतो किती, याच्या बढाया कोणीही मारतो. ओढायला काय, इंजिन तगडं असलं की तो डोंगरसुद्धा ओढेल. प्रश्न असतो तो पाठीवर किती पेलतो याचा. एमिलला हे समजावून सांगायची गरज नव्हती. तो नवा ट्रेलर जोडून एकटाच कोठाराच्या काट्यावर गेला, आणि परत आला तो गप्प गप्प. मग ट्रक वेंडेलच्या शेडमध्ये गेला. "काय करायचंय?" तिनं विचारलं. "तेल-पाणी," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं तिला अंगणात बोलावलं. ट्रेलर जुंपलेला होता. "ये, मागं उभी राहून बघ. तुझ्या आईसारखी बघ." ती वीस पावलं मागं गेली आणि डोळे बारीक करून बघितलं. ट्रक सपाट उभा. पाण्याचा पेला ठेवला असता तरी हिंदकळला नसता. तिचे डोळे भरून आले. "वजन बघितलंस ना?" तिनं विचारलं. एमिल म्हणाला, "आयुष्यभर दुसरं काय केलं मी?"

प्रवासाच्या पहिल्या सकाळी ती जुन्या सवयीनं जाकीट चढवून फेरी मारायला निघाली, तर एमिल दारात कॉफीचा कप घेऊन उभा. "कुठं चाललीस? तुझी तपासणी संपली आता, बाई. बस त्या खिडकीत. कॉफी पी. मी जुंपतो." लव्हॉनला कुणी असं बसवलं नव्हतं जन्मात. ती बसली. बाहेर हवा भरायच्या यंत्राची घरघर सुरू झाली. "टायरला हवा मारतोय," तो खालून ओरडला. पुढं चार वर्षं हेच. कप हातात, खिडकीबाहेर उजाडतंय, आणि ती घरघर. त्या आवाजाची तिला माया जडली होती.

ट्रेलरवाल्यांच्या तळावर सकाळी जुंपायची वेळ म्हणजे फुकटचा तमाशा असतो. नवरा ट्रक मागं घेतो, बायको हात हलवते, आणि पाचव्या मिनिटाला दोघं एकमेकांचा उद्धार करतात. "डावीकडं म्हटलं, डावीकडं!" "तुझं डावं की माझं?" एकटी लव्हॉन तेवढी आत बसून कॉफी पीत असायची. डोरीन म्हणायची, "नशीब काढलंस हो. आमचा वेंडेल मला बर्फात खांबासारखी उभी करतो." आणि असं म्हणताना ती कपात बघायची. लव्हॉनला वाटायचं, हेवा वाटतोय बिचारीला.

घाटातली गाडी मात्र लव्हॉनच चालवायची. उतारावर बस कशी धरायची हे तिच्या पायांना पाठ होतं. एमिल शेजारी बसून छतावरची कडी धरायचा. तिला वाटायचं, म्हातारा भित्रा झालाय. एकदा उन्हाळ्यात नात टेसा बरोबर होती. मागच्या सीटवर बसून ती पोर घोडे मोजत होती, आणि बिगहॉर्न डोंगराच्या उतारावर लव्हॉनला ब्रेक जळाल्याचा वास आला. "आपला का?" तिनं विचारलं. "पुढच्याचा," एमिल म्हणाला. पुढं एक ट्रक होताही. तिनं विश्वास ठेवला.

हे सगळं उलगडलं ते वायोमिंगमधल्या एका तळावर, ऑक्टोबरच्या शेवटी. बीटचा हंगाम संपवून चौघं दक्षिणेला निघाली होती. एका रात्रीचाच मुक्काम, म्हणून ट्रेलर जुंपलेलाच ठेवला होता. सकाळी घाट चढून पलीकडं उतरायचं. रात्री कडाक्याचा गारठा पडला. लव्हॉन लवकर उठली आणि तिनं तव्यावर पॅनकेकचं पीठ ओतलं. ते गोल राहीना. एका बाजूला ओघळून पुढच्या कडेला जाऊन साचलं. तिनं तवा सरळ केला, पुन्हा ओतलं, पुन्हा तेच. मग तिच्या लक्षात आलं की घरच पुढं कललंय.

एमिल शेजारच्या ट्रेलरपाशी वेंडेलशी बोलत होता. कॉफी अजून व्हायची होती. लव्हॉन चप्पल घालून तशीच बाहेर आली आणि सवयीनं मागं जाऊन उभी राहिली.

ट्रक बसला होता. मागची चाकं कमानीत घुसलेली, बोनेट आभाळाकडं, आणि हिरवा चकचकीत ट्रक ढुंगण टेकून बसलेल्या कुत्र्यासारखा दिसत होता. सुरुवातीला तिला वाटलं, काहीतरी मोडलं. तेवढ्यात एमिल घाईघाईनं आला. त्याला ती दिसलीच नाही. तो गुडघ्यावर बसला, यंत्राची नळी ओढली, आणि हात थेट नंबरप्लेटच्या मागं घातला. न बघता. अंधारात दिव्याचं बटण सापडावं तसा त्याचा हात तिथं गेला. घरघर सुरू झाली, आणि ट्रक डुलत, कण्हत, बसलेली म्हैस उठावी तसा मागून उठायला लागला.

"काय करतोयस?"

एमिल दचकला. "टायरला हवा मा—"

"तो टायर नाही, एमिल. टायर हा इकडं आहे."

वेंडेल कप घेऊन ट्रेलरला वळसा घालत आला, आपल्याच तालात. "पाईप गळला का रे? तुला तेव्हाच म्हटलं होतं, थंडीत तो सांधा..." आणि त्याला लव्हॉन दिसली. कप तोंडापाशीच राहिला.

"काय बसवलंयस खाली?" तिनं त्यालाच विचारलं.

"हवेच्या पिशव्या. रबरी असतात. आसाच्या वर बसतात." वेंडेलनं घसा साफ केला. "अगं, सगळेच बसवतात. त्यात काय एवढं?"

"त्यानं वजन कमी होतं?"

"नाही."

"चाकं बदलली? आस बदलला?"

"नाही, ते तेच."

"मग त्यानं होतं काय?"

वेंडेल जमिनीकडं बघत म्हणाला, "दिसायला बरं दिसतं."

दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे आपण पोरांना शिकवतो. पण इथं जग कुठं फसलं होतं? सगळ्या तळाला ठाऊक होतं. त्या ट्रकचं सपाट दिसणं एका बाईसाठीच होतं, आणि ते नेमकं तिच्या डोळ्यांच्या मापाचं शिवलेलं होतं. नाचाच्या हॉलच्या पायरीवर तिनं ज्याला आपलं दुखणं सांगितलं, त्यानंच ते दुखणं घेऊन तिला गंडवलं. याला केसानं गळा कापणं म्हणतात. कापणारा प्रेमळ असला म्हणून केस मऊ होत नाही.

"काट्यावर काय आलं होतं?" तिनं विचारलं.

एमिल उठून उभा राहिला. गुडघ्यांना चिखल. "जास्त होतं."

"किती जास्त?"

"बरंच."

"आणि तू गप्प बसलास."

"मी तुझ्याशी खोटं बोललो का कधी?" एमिलचा आवाज चढला. चूक पकडलेला पुरुष आधी आवाज चढवतो, तशातलाच. "बघ म्हटलं, तू बघितलंस. तूच म्हणालीस छान आहे. आणि तुला ती खिडकी हवी होती. तुझा चेहरा बघून मी... तुझ्यासाठीच केलं ना सगळं?"

"मला विचारलं असतंस तर मी खिडकी सोडली असती."

तो ट्रककडं बघत राहिला. खिडकी तिनं एका मिनिटात सोडली असती. ट्रक त्याला सोडायचा नव्हता, आणि ते दोघांनाही तिथल्या तिथं कळलं.

"टेसा मागं बसली होती, तेव्हाही?"

"लव्हॉन..."

"ब्रेकचा वास आला होता. पुढच्याचा म्हणालास. म्हणजे तेव्हा तरी बोललास की खोटं." ती थांबली. "आणि गाडी मी चालवत होते, एमिल. मी. काही झालं असतं तर ते माझ्या हातून झालं असतं."

शेजारच्या ट्रेलरच्या दारात डोरीन गाऊनवर येऊन उभी होती. लव्हॉननं तिच्याकडं बघितलं. डोरीननं मान खाली घातली, अगदी कपात बघायची तशी. तेव्हा लव्हॉनला तो हेवा नव्हता, शरम होती, ते समजलं.

तिनं यंत्र बंद करून त्याची नळी उपटली, खिशातली किल्ली काढली, नंबरप्लेटच्या मागं हात घातला, चाचपून झडपेचं तोंड शोधलं आणि किल्लीचं टोक आत दाबलं. सूं करून हवा सुटली. बसच्या दारांतून पाव शतक ऐकलेला आवाज तो; तिला तो ओळखू यायला हवा होता. "अगं, लोक बघतायत," एमिल म्हणाला. "बघू देत. मलाही बघू दे." ट्रक हळूहळू खाली गेला आणि परत ढुंगणावर बसला. ती वीस पावलं मागं गेली.

"मागून बसलाय," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

मग तिनं ट्रेलरचे पुढचे पाय खाली घेतले, वजन त्यांच्यावर आलं तसा ट्रक हलका होत उठला. तिनं हौद्यातली कडी सोडवली आणि हात हलवून इशारा केला, पुढं घे. चार वर्षांत पहिल्यांदा ती जुंपणीला हात लावत होती, तोही सोडवण्यासाठी. एमिल स्टिअरिंगवर बसला आणि ट्रक पुढं घेतला.

"जा," ती म्हणाली.

"कुठं जाऊ?"

"हा ट्रेलर पेलेल असा ट्रक आण. नाहीतर येऊ नकोस."

"आणि तू? परवा तळ बंद होतोय. पाणी तोडतायत. बर्फ येणार आहे."

"मी माझ्या घरात आहे," लव्हॉन म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

वेंडेलकडं जोडचाकांचा दणकट ट्रक होता. त्यानं दोनदा दार वाजवून विचारलं, मी ओढून नेऊ का खाली. ती आतूनच नको म्हणाली. मग डोरीन गरम सुपाचं भांडं घेऊन आली. लव्हॉननं दार उघडलं, पण भांडं घेतलं नाही.

"एमिलनं शपथ घातली होती गं," डोरीन रडकुंडीला येऊन म्हणाली. "आणि तू इतकी सुखात दिसायचीस. म्हटलं, कशाला विरजण घालू?"

"उताराला आमच्या मागं तुम्ही असायचात," लव्हॉन म्हणाली. "लांब अंतर ठेवून. मी एमिलला म्हणायचे, वेंडेल किती सावकाश चालवतो."

डोरीन भांडं घेऊन परत गेली. दुपारी त्या दोघांनी तळ सोडला.

तळाची मालकीण भली बाई होती. तिनं पाणी चार दिवस उशिरा तोडलं. लव्हॉन त्या रुंद खिडकीत बसून राहायची. तिला घाटाची भीती वाटत नव्हती. जे घडलं नाही त्याचं काय भ्यायचं. तिला छळायची ती कॉफी. जितक्या वेळा कप हातात आला तितक्या वेळा तिनं मनात नवऱ्याला आशीर्वाद दिला होता. आणि तो कप म्हणजे तिला खिडकीत बांधून ठेवायचं दावं होतं. एमिलचं तिच्यावर प्रेम होतं, हेही खरंच होतं. दोन्ही एकाच कपात होतं, आणि आता त्यातलं एक काढून दुसरं कसं ओतायचं ते तिला सुधरेना. ती रडली, रागानं रडली, आणि ओट्यावरचा तो कप फोडावासा वाटूनही तिनं फोडला नाही.

पहिला बर्फ भुरभुरत असताना एमिल आला. हिरवा ट्रक गेला होता. त्याच्या जागी एक तपकिरी, दाराला पोचा पडलेला जुना ट्रक, मागं जोडचाकांचा. एमिल खाली उतरला आणि टोपी काढून हातात धरली. "चुकलो," तो म्हणाला. "हो," ती म्हणाली. दोघं ट्रेलर जोडून आधी काट्यावर गेली. ती खाली उतरून काटेवाल्याच्या खिडकीपाशी उभी राहिली, आकडा स्वतः वाचला, आणि ट्रकच्या दारावर लिहिलेल्या हद्दीच्या आकड्याशी स्वतः ताडून पाहिला. सगळं हद्दीत होतं, बरंच शिल्लक राहून. घाट तिनंच उतरवला. ट्रक दगडासारखा शांत होता.

ॲरिझोनात हिवाळा गेला. वेंडेल-डोरीन त्या वर्षी दुसऱ्याच तळावर उतरली. लव्हॉन आणि एमिल पत्ते खेळायची, बाजाराला जायची, टेसाला फोन करायची. लांबून बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

मार्चमध्ये निघायचा दिवस आला. उजाडताना एमिल कॉफी घेऊन दारात आला, जुन्या सवयीनं. "तू कॉफी पी, मी जुंप..." म्हणता म्हणता त्याची जीभ अडली.

लव्हॉननं कप घेतला आणि पायरीवर ठेवला. टॉर्च काढला. चाकांना एकेक लाथ मारली, दिवे बघितले, वीस पावलं मागं गेली. ट्रक सपाट होता. ती परत आली, गुडघे टेकून खाली वाकली आणि आसाच्या वर, जिथं त्या पिशव्या असतात तिथं, हात घालून चाचपलं. एकीकडं, मग दुसरीकडं. एमिल बाजूला उभा राहून बघत होता.

"काही नाही तिथं," तो हळूच म्हणाला. "खरंच काही नाही, लव्हॉन."

"माहीत आहे," ती म्हणाली.

तिनं हात बाहेर काढला. तळव्याला नुसती धूळ लागली होती. धूळ पाटलोणीला पुसून ती स्टिअरिंगवर जाऊन बसली. एमिलनं पायरीवरचा कप उचलला. कॉफी निवली होती. त्यानं ती वाळूत ओतली, कप विसळला, आणि आत जागेवर ठेवून आला.